पांढरा कोपरा

हवालदार थोरव्यांच्या दशक्रियेला सात जणांनी श्रद्धांजलीची भाषणं केली आणि त्यातल्या चौघांनी त्यांना पैलवान म्हटलं. एकानं तर 'कुस्तीक्षेत्राची न भरून येणारी हानी' असं खड्या आवाजात सांगून टाकलं. आमच्या जिल्ह्यात दशक्रियेला माइक हातात आला की माणूस गेलेल्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतो, हे मला काय आज कळलं नाही. तरी राग आलाच. शेजारी बसलेल्या मेहुण्याला मी म्हटलं, "अरे बाबा, या माणसानं उभ्या जन्मात लंगोट लावला नाही." मेहुणा म्हणाला, "दाजी, गप बसा. कावळा शिवायचाय अजून."

हवालदार बॉक्सिंग शिकवायचे. तीस वर्षं शिकवलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण त्यांच्या नि माझ्या तोंडात शेवटपर्यंत नगरच राहिलं, तर त्या नगरात आमच्या शाळेच्या मागं सरकीचं एक जुनं गोदाम होतं. सरकी कधीच गेली, वास राहिला. पावसाळ्यात तो वास असा उठायचा की नवीन पोरगं पहिल्या दिवशी नाक धरूनच आत यायचं. हवालदार म्हणायचे, "नाक धरलं तर ठोसा कशानं मारशील? सोड." तिथं त्यांनी चार लाकडी खांब रोवले, दोऱ्या बांधल्या आणि रिंग तयार केली. एका खांबाला लाल ऑइलपेंट, एकाला निळा, आणि उरलेल्या दोघांना चुना.

मी त्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक. भौतिकशास्त्राच्या लॅबमधलं स्टॉपवॉच माझ्या ताब्यात असायचं, एवढ्या एका कारणावरून हवालदारांनी मला पकडलं. मी आयुष्यात कुणाला चापटही मारलेली नाही. बायको म्हणते, डास मारायलासुद्धा तुम्ही मलाच हाक मारता. पण तीन मिनिटं झाली की शाळेची जुनी घंटा बडवायची, मिनिटभर विश्रांती मोजायची, पुन्हा बडवायची, हे काम मी संध्याकाळी सहा ते आठ बावीस वर्षं केलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी टायमकीपर. आमच्या घरच्या सत्यनारायणालासुद्धा दारातून हाक आली ती, "टायमकीपर हायेत का घरात?"

माणूस मूळचा पारनेरकडचा. सैन्यात गेला, तिथं कुणी तरी हातात ग्लोव्ह्ज दिले आणि नाकाचं हाड मोडून घेऊन परत आला. नाक डावीकडं वळलेलं, त्यामुळं समोरून बघताना वाटायचं की हे दुसरीकडंच कुठं तरी निघालेत. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. बिनसाखरेचा चहा, तोही बशीत नाही, कपानंच. पोरांच्या हाताच्या पट्ट्या मात्र स्वतः बांधायचे. वीस पोरं असली तर वीस जणांच्या. पोरगं समोर बसणार, हात पुढं करणार, हे मान खाली घालून मनगटापासून गुंडाळत येणार. तेवढ्या वेळात पोराची सगळी हकीगत निघायची. घरी भांडण आहे का, जेवला का, परीक्षेत काय झालं. मी एकदा म्हटलं, "पोरं मोठी झाली, त्यांची ती बांधतील की." तर म्हणाले, "टायमकीपर, ठोसा खाताना पोरगं खरं बोलत न्हाई. पट्टी बांधताना बोलतं."

आता ते चुन्याचे दोन खांब कशाला, ते सांगतो, कारण सगळा माणूस त्या खांबांत आहे. बॉक्सिंगमध्ये लाल कोपरा एकाचा, निळा दुसऱ्याचा. पांढरे दोन कुणाचेच नसतात. समोरचा ठोसा खाऊन पडला की मारणाऱ्यानं ताबडतोब लांबच्या पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. पंच पडलेल्याजवळ उभा राहून मोजतो. एक, दोन, तीन. आठपर्यंत तो उठला तर पुन्हा लढत, दहापर्यंत नाही उठला तर संपली. हा साधा नियम, पुस्तकात दोन ओळींचा. हवालदारांनी त्याचा देव केला होता. पोरगं आलं की पहिला महिनाभर ठोसा नाहीच. एकानं पडायचं, दुसऱ्यानं वळायचं आणि पांढऱ्या खांबाशी जायचं. "पांढऱ्यात," असं हवालदार ओरडायचे, की पोरगं गर्रकन फिरलंच पाहिजे. दिवसातून शंभर वेळा. पोरं वैतागायची. मी तर वैतागायचोच, कारण त्यात मोजायला काही नसायचं.

एकदा त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेलो होतो. दोन भाजीवाल्यांची जागेवरून जुंपली. एकानं दुसऱ्याला ढकललं, दुसरा मेथीच्या जुड्यांवर उताणा. पहिला वजन घेऊन त्याच्या अंगावर जायला निघाला, तेवढ्यात आमच्या हवालदारांनी पिशवी माझ्या हातात दिली, त्याची कॉलर धरली आणि कांद्याच्या पोत्याशी नेऊन उभा केला. "पांढऱ्यात. हलायचं न्हाई." मग मेथीवर पडलेल्याजवळ जाऊन बोटं दाखवत मोजायला लागले. एक. दोन. तीन. बघे हसायला लागले. पाचाला तो पडलेलाच हसायला लागला. आठाला उठून बसला आणि म्हणाला, "सायेब, झालं, ऱ्हाऊ द्या." पोत्याजवळचा पहिला खरोखर तिथंच उभा होता, वजन हातात घेऊन. त्या दिवशी मेथीची जुडी आम्हाला फुकट मिळाली आणि हवालदारांनी ती परत ठेवली.

घरीही तेच. काकू सांगायच्या, "आमच्या भांडणात माझ्या डोळ्याला पानी आलं की हे उठून ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे. मला वाटायचं, चहा टाकत्याल. कुठलं काय. नुसते उभे." आता हे ऐकून हसू येतं, पण काकू पुढं काय म्हणायच्या ते मी विसरलो नाही. "पन भावजी, पडल्यावर कुनी मारलं न्हाई मला. लई बायांना हे म्हनता येत न्हाई."

अंकुश या गोदामात आला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल. मिरजगावच्या पलीकडचा. आई-बाप दरवर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन कोपरगावकडं ऊस तोडायला. हा नगरात मावशीकडं राहून शिकायचा, पहाटे दूध घालायचा. पट्टी बांधताना हवालदारांनी विचारलं, "बॉक्सिंग कशाला पायजे रं तुला?" तर म्हणाला, "पोलीस व्हायचंय." एवढंच. पुढची दहा वर्षं त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. डावा हात असा की मला घड्याळावरून नजर हटवावी लागायची. दोनदा राज्यापर्यंत गेला, दोन्ही वेळा तिथल्या पंचांनी हरवला, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. भरतीत मात्र कधी लेखीत गेला, कधी भरतीच निघाली नाही. असं करत करत वय संपत आलं. शेवटची एक भरती उरली. हवालदारांनी गोदामाच्या दारात खडूनं रेघ मारली आणि तो रोज संध्याकाळी तिथून गोळा फेकायला लागला. धावण्यात कुणाला ऐकायचा नाही, गोळ्याचं तेवढं बघायचं होतं.

त्याच सुमारास पुणे रोडला टायरच्या दुकानावर एक नवीन जिम निघालं. एमएमए. ठोसा आहे, लाथ आहे, कुस्ती आहे, गळा आवळणं आहे, आणि सगळं एका जाळीच्या पिंजऱ्यात. चालवणारा विकी नावाचा पोरगा, तिशीतला. मला त्याला शिव्या द्यायला आवडलं असतं, पण पोरगा सरळ होता. पहिल्याच आठवड्यात पेढे घेऊन गोदामात आला, हवालदारांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, आमच्या पोरांना पाय मी शिकवतो, हात तुम्हीच शिकवा." नंतर आमचीच पोरं एकेक करून तिकडं जायला लागली. जाताना पाया पडून जायची, हे एक बरं होतं. हवालदार सगळ्यांना एकच सांगायचे, "जा. हनुवटी खाली ठेव."

एकदा चहाच्या टपरीवर मी विषय काढला. म्हटलं, "हवालदार, हे एमएमए आपल्या बॉक्सिंगला खाणार."

"खायला आदी ताटात कायतरी पायजे ना," ते म्हणाले. "नगर जिल्ह्यात बॉक्सिंग कवा लोकप्रिय हुती? हितं कुस्ती. आपल्या फायनलला कोन असतं? मी, तुमी, दोन पोरांचे मामा अन् ॲम्ब्युलन्सचा डायव्हर."

"डायव्हर झोपलेला असतो."

"व्हय. म्हंजे धरा साडेचार." मग म्हणाले, "त्यांला दोष न्हाई, टायमकीपर. आपल्याकडं पोरगं दोन-दोन वर्सं घाम गाळतं अन् वर्सात लढती किती? दोन. त्याबी ऐनवेळी कुनाच्या तरी सहीवाचून रद्द. तिकडं सहा म्हैन्यात फ्लेक्सवर फोटू. पोरांनी काय करावं? पब्लिक जाऊ द्या, पोरं बी जाऊ द्या. पन ते पडल्यालाला मारत्यात. अंगावर बसून मारत्यात. मी मोबाईलवर बघितलं. पिंजऱ्याला कोपरे आठ हायेत. पांढरा एक बी न्हाई."

एवढं बोलून त्यांनी चहा तसाच ठेवला. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारा जरा जास्तच मनाला लावून घेतोय.

मग ते फ्लेक्स लागले. केडगावच्या पुढं एका मंगल कार्यालयात एमएमएचा मोठा शो ठरला होता. कुण्या होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस. शोची जाहिरात करणाऱ्यांनी एक शक्कल काढली: 'बॉक्सिंग की एमएमए? होऊन जाऊ द्या.' विकीचा रोहन नावाचा पोरगा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला नुसती काळी आकृती आणि प्रश्नचिन्ह. शहरातला कुणी बॉक्सर तयार होतोय का, असं विचारणं होतं. मोबाईलवर पोरं लिहायला लागली की बॉक्सिंग म्हातारी झाली, सरकीच्या गोदामात जाऊन मेली. कुणी तरी हवालदारांच्या वाकड्या नाकाचा फोटो टाकला आणि खाली हसणारी तोंडं.

अंकुशनं तो फोटो बघितला. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधताना म्हणाला, "सर, मी नाव देतो."

भरतीची मैदानी चाचणी दोन महिन्यांवर होती. हवालदारांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी घंटेजवळ उभा होतो आणि ते नाही म्हणणार म्हणून गृहीत धरून पुढच्या फेरीसाठी घड्याळ शून्यावर आणत होतो. हवालदार पट्टी गुंडाळत राहिले. अंगठ्यावरून एक वेढा, मनगटावरून एक. मग मान वर न करता म्हणाले, "जा. दाव त्यांला."

बावीस वर्षांत हा माणूस मी गर्वानं बोललेला ऐकला नव्हता. त्या एका दिवशी बोलला. मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही दाखवायचंच होतं त्यांना.

शोला हवालदार पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कार्यालयात लग्नाला असते तशी गर्दी, स्टेजवर पिंजरा, डीजे इतका मोठा की खुर्ची थरथरत होती. आमच्या फायनलला आयुष्यात जेवढी माणसं आली असतील, तेवढी एका रांगेत बसली होती. हवालदार ती गर्दी बघत राहिले आणि मला म्हणाले, "चांगलं हाय की. लोक बघत्यात." अंकुशबरोबर एक माणूस जाळीपाशी बसायची परवानगी होती, ते हवालदार. मी त्यांच्या मागं, सवयीनं स्टॉपवॉच घेऊन.

पहिलं मिनिट रोहननं लाथा मारल्या, अंकुशनं मांडीवर दोन खाल्ल्या. मग रोहन पाय धरायला खाली वाकला आणि अंकुशचा डावा लागला. हनुवटीवर. तो आवाज डीजेच्या वर मला ऐकू आला. रोहन धपकन बसला आणि मागं कलंडला. सगळं कार्यालय उभं राहिलं. झालं होतं. आणखी दोन ठोसे, आणि पंचानं अंकुशचा हात वर केला असता.

आणि हवालदार ओरडले, "पांढऱ्यात."

अंकुश वळला. रोहनकडं पाठ करून, हात खाली सोडून, चालत जाळीपर्यंत गेला आणि दोरीला धरतात तसं जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आणि मी, मी गाढव, मागं उभा राहून मोजत होतो. एक. दोन. तीन. चार.

चाराला रोहन उठला होता. त्यानं मागून कंबर धरली, उचलला आणि आपटला. उजव्या खांद्यावर. मग अंगावर बसला. पंचानं सोडवलं तोवर अंकुशचं गळपट्टीचं हाड मोडलेलं होतं. रोहनची चूक नव्हती. त्यांच्या खेळात ते चूक नाही. नंतर तोच दवाखान्यात बाकड्यावर रडत बसला होता, "काका, मला वाटलं तो दमला म्हणून गेला," असं मला सांगत.

त्या चार सेकंदांची चित्रफीत अख्ख्या जिल्ह्यात फिरली. कुणी त्याला गाणं लावलं. कुणी लिहिलं, 'बॉक्सर जेवायला निघाला.' शाळेत आमच्याच शिपायानं मला ती दाखवली, मी कोण ते माहीत असून. मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. डीजेच्या आवाजात हवालदारांचं ओरडणं काही त्यात आलं नव्हतं. ते आम्हा तिघांनाच माहीत, किंवा दोघांना. अंकुशला ऐकू गेलं की नाही, हे तेव्हा मला कळलेलं नव्हतं.

हवालदार गोदामात बसून ती चित्रफीत बघायचे. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाजवळ. एका संध्याकाळी मला म्हणाले, "टायमकीपर, पाठ किती सेकंद हुती?"

"चार."

"मी वरडलो व्हतो का हो?"

मी म्हटलं, "नाही. मला नाही ऐकू आलं." आयुष्यात मी त्यांना एवढंच एक खोटं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि मोबाईल पुन्हा नाकाजवळ नेला.

मैदानीच्या दिवशी आम्ही दोघं अंकुशबरोबर गेलो. डॉक्टरांनी गोळा फेकू नको म्हणून बजावलं होतं. लांबची नि जवळची, दोन्ही धावा त्यानं अशा मारल्या की आजूबाजूची पोरं बघत राहिली. मग गोळा. तीन संधी असतात. आम्हाला आत सोडत नाहीत, तारेच्या कुंपणाबाहेरून बघत होतो. पहिला उजव्या हातानं टाकला आणि तो खांदा धरून खालीच बसला. दुसरा डाव्यानं. तिसराही डाव्यानं. पुऱ्या गुणांच्या रेघेच्या फार अलीकडं पडले. तो उठला, आपला नंबरचा कागद छातीवरून सोडवला, घडी घातली आणि खिशात ठेवला. हवालदारांनी कुंपणाची तार धरलेली होती. बोटातून रक्त येतंय हे मी सांगितलं तेव्हा त्यांना कळलं.  यादी लागली त्यात नाव नव्हतंच. वय संपलं. त्या वर्षी दिवाळीनंतर अंकुश आई-बापाबरोबर कोपरगावकडं गेला, खांदा जपत, पहिल्यांदा कोयता घेऊन.

गोदामात तेव्हा चार पोरं उरली होती, मग दोन. मी तरी जायचो. हवालदार त्या दोघांच्या पट्ट्या बांधायचे, पण विचारायचे काही नाहीत. आणि दोघांपैकी एक पडला की ते नुसते बघत राहायचे. पोरं आपली आपण वळून पांढऱ्या खांबाशी जायची आणि त्यांच्याकडं बघायची, बरोबर केलं ना म्हणून.

उन्हाळ्यात अंकुश नगरात परत आला, पण गोदामात दिसला तो महिनाभरानं. तळहाताला घट्टे, अंग काळं पडलेलं, खांदा भरलेला. संध्याकाळची वेळ, पोरं नुकतीच गेली होती. तो हवालदारांच्या पाया पडला आणि उभाच राहिला.

"सर, विकी सरांनी बोलावलंय. पुन्ना लढ म्हनत्यात. त्यांच्या वळखीनं पुन्याला बी लढती मिळत्याल. मला दुसरं काय येत न्हाई. न्हाईतर कोयता हायेच."

"मग जा की. मला कशाला इचारतो?"

"सर, तिकडं सगळं शिकलो म्हैनाभर. पन कुनी पडलं की मी वळतो. आपोआप. ते लई हसत्यात. विकी सर म्हनले, ज्यांनी लावलीय सवय, तेच मोडत्याल. तुमी मोडून द्या."

मी हवालदारांकडं बघितलं नाही. मी भिंतीवरच्या घंटेकडं बघत होतो. त्यांचा आवाज आला. "बस. हात दे."

त्यांनी पट्ट्या बांधल्या. नेहमीपेक्षा सावकाश. मग स्वतःच्या पोटाला नि छातीला पॅड बांधलं, डोक्याला ते जुनं चामड्याचं हेडगार्ड चढवलं, आणि चौसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यावर हात टेकत खाली बसला आणि रिंगमधल्या सतरंजीवर उताणा झाला.

"मार."

"सर, बॅगेवर शिकवा ना."

"बॅग पडत न्हाई. टांगल्याली असती. मार."

अंकुश गुडघ्यावर बसला. पॅडवर एक ठोसा टेकवला, आणि त्याचं अंग त्याच्याही नकळत उठून वळलं. दोन पावलं पांढऱ्या खांबाकडं गेला सुद्धा. हवालदार म्हणाले, "परत." पुन्हा बसला, पुन्हा मारला, पुन्हा वळला. असं सहा-सात वेळा झालं. शेवटी हवालदार पडल्या पडल्या म्हणाले, "अंकुश, त्या दिशी मी वरडलो. आज वरडत न्हाई. तू वळू नको."

"कवा वरडलात सर? मला तर डीजेच ऐकू येत हुता."

हवालदारांनी डोळे मिटले. "बरं. मग मार."

मी स्टॉपवॉच खिशात टाकलं. मला ते बघवत नव्हतं, आणि खरं सांगतो, मला त्या दोघांचाही राग आला होता. म्हटलं, "हवालदार, पुरे करा. हे तुमचं काम नाही."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. हेडगार्डमुळं त्यांचं तोंड लहान पोरासारखं दिसत होतं. "मंग कुनाचं हाय, टायमकीपर? त्याला तर जायचंच हाय तिकडं. पाठ फिरवून जाऊ देऊ?" मग म्हणाले, "तुमी घरी जा. उद्यापासनं बी येऊ नका. हे तुमी मोजायचं न्हाई."

मी निघालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रुसलो होतो म्हणा, भ्यालो होतो म्हणा. पुढच्या महिन्यात काकूंचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, झोपेतच गेले म्हणाल्या. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं, जमिनीवर, उताणं.

त्या संध्याकाळी गोदामाच्या दाराबाहेर माझी सायकल होती. कुलूप लवकर निघेना, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. आतून ठोशाचा आवाज आला. मग पावलं ऐकू येतील म्हणून मी थांबलो. पावलं नाही आली. लगेच दुसरा ठोसा आला. अंकुश हमसून हमसून रडत होता आणि मारत होता, आणि प्रत्येक ठोशानंतर खालून हवालदारांचा आवाज येत होता, "शाबास." ठोसा, आणि "शाबास." कुलूप निघेपर्यंत मी सात वेळा ऐकलं. दर वेळी दम कमी होत गेला, पण एकदाही चुकलं नाही.